इम्युनोथेरपी: रुग्ण आणि घरच्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉक्टर म्हणतात, ‘इम्युनोथेरपीचा विचार करू.’ आपण मान डोलावतो आणि खरे प्रश्न सुचतात ते घरी पोचल्यावर. त्यातले पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो. तुमच्या बाबतीत काय करायचं हे तुमचे रिपोर्ट बघितलेले डॉक्टरच ठरवतील; पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं हे ठाऊक असलं की त्या दहा-पंधरा मिनिटांचं चीज होतं.

इम्युनोथेरपी म्हणजे नक्की काय?

प्रतिजैविक जंतूंना मारतं, केमोथेरपी वेगानं वाढणाऱ्या पेशींना मारते. इम्युनोथेरपी आपल्या प्रतिकारयंत्रणेवर काम करते आणि आजाराशी लढण्याचं काम त्या यंत्रणेकडून करून घेते. कधी यंत्रणेला जागं करायचं असतं, कधी तिला नेमका शत्रू दाखवून द्यायचा असतो, तर कधी उलट तिला शांत करायचं असतं. त्यामुळे ‘इम्युनोथेरपी’ हे एका औषधाचं नाव नव्हे. मूत्राशयात सोडलेली बीसीजी लस, परागकणांच्या ॲलर्जीची इंजेक्शनं, रुग्णाच्याच टी पेशी (आजाराशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) बाहेर काढून बदलून परत देणं, हे सगळं यात येतं. डॉक्टरांनी हा शब्द वापरला की पहिला प्रश्न तोच विचारा: ‘यातला कोणता प्रकार?’

प्रतिकारशक्ती इतकी तगडी असते, तर ती कॅन्सरला आधीच का संपवत नाही?

हा प्रश्न नीट समजला की पुढचं जवळपास सगळं समजतं, म्हणून इथे जरा थांबू.

आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे स्वतःच्या पृष्ठभागावर मांडून ठेवते. टी पेशी हे तुकडे चाचपत फिरत असतात. ओळखीचा तुकडा लागला की पुढे सरकायचं, परका लागला की ती पेशी मारायची. पेशीत विषाणू शिरला की त्याचे तुकडे वर येतात आणि पेशी पकडली जाते. कॅन्सरची पेशी मात्र आपलीच असते. तिचे बहुतेक तुकडे ओळखीचे असतात. जनुकांत झालेल्या बिघाडामुळे थोडेसेच वेगळे दिसतात.

तेवढ्यावरूनही अनेक बिघडलेल्या पेशी सुरुवातीलाच टिपल्या जातात, असं मानायला चांगला आधार आहे. अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात आणि अशा लोकांमध्ये काही प्रकारचे कॅन्सर इतरांपेक्षा बरेच जास्त आढळतात.

मागे उरतात त्या लपायला शिकलेल्या पेशी. काही पेशी पृष्ठभागावर तुकडे मांडणंच बंद करतात. काही आपल्याभोवती अशी रसायनं सोडतात की लढणाऱ्या पेशी आत येताच निष्प्रभ होतात. आणि काही पेशी थेट टी पेशीचा ब्रेक दाबून धरतात.

हा ‘ब्रेक’ म्हणजे काय? शरीरानं तो ठेवलाच कशाला?

कारण त्याच्याशिवाय आपण जगणार नाही. संसर्ग गेल्यावर लढाई थांबली पाहिजे, नाहीतर कुंपणच शेत खायला लागेल. टी पेशींवर सीटीएलए-४ नावाचं एक प्रथिन असतं. ते बनवणारं जनुक काढून टाकलेले उंदीर जन्मतात, पण त्यांच्या टी पेशी बेसुमार वाढून स्वतःच्याच अवयवांत घुसतात आणि ते उंदीर काही आठवड्यांतच मरतात. ब्रेकची किंमत एवढी आहे.

दुसरा महत्त्वाचा ब्रेक पीडी-१. टी पेशीवरच्या पीडी-१ला समोरच्या पेशीवरचं पीडी-एल१ नावाचं प्रथिन येऊन चिकटलं, की टी पेशीला ‘पुरे, थांब’ असा निरोप मिळतो. निरोगी अवयव हा निरोप स्वतःला वाचवण्यासाठी वापरतात. कॅन्सरच्या अनेक पेशी हेच पीडी-एल१ अंगभर उगवून घेतात. टी पेशी दारापर्यंत येते, शत्रू ओळखते आणि तरीही हात खाली घेते. सूक्ष्मदर्शकाखाली अशा गाठी बघितल्या की काही ठिकाणी टी पेशींची अक्षरशः गर्दी दिसते. त्या सगळ्या पोचलेल्या असतात, पण अडवलेल्या असतात.

मग औषध नेमकं काय करतं?

सर्वात जास्त वापरली जाणारी औषधं हा ब्रेक सोडवतात. ती प्रतिपिंडं, म्हणजेच अँटीबॉडी असतात. कारखान्यात बनवलेली, एकाच जागी चपखल बसणारी. पीडी-१ वर किंवा पीडी-एल१ वर ती जाऊन बसली की त्या दोघांना एकमेकांना चिकटता येत नाही. ‘थांब’ हा निरोप पोचत नाही आणि टी पेशी आपलं अर्धवट राहिलेलं काम पुढे सुरू करते. म्हणजे हे औषध स्वतः कॅन्सरची एकही पेशी मारत नाही. मला या सगळ्या विषयात सर्वात विलक्षण वाटतं ते हेच.

अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी १९९६ मध्ये दाखवून दिलं, की सीटीएलए-४ अडवलं तर उंदरांमधल्या गाठी नाहीशा होतात. जपानमध्ये तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेनं पीडी-१ शोधलं ते १९९२ मध्ये. दोघांना २०१८चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. सीटीएलए-४ अडवणाऱ्या इपिलिमुमॅबला २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब ही पीडी-१वरची औषधं २०१४ मध्ये आली. उंदरापासून माणसाच्या सलाईनपर्यंतचा हा प्रवास १५ वर्षांचा आहे. त्या काळात कॅन्सरच्या जाणकारांपैकी कितीतरी जणांचा या मार्गावर विश्वासच नव्हता.

म्हणजे ही कल्पना तशी नवीनच?

औषधं नवी, कल्पना जुनी. न्यूयॉर्कमधले सर्जन विल्यम कोली यांना रुग्णालयाच्या जुन्या नोंदी चाळताना एक रुग्ण सापडला. त्याच्या मानेवरची गाठ अनेकदा शस्त्रक्रिया करूनही परत येत होती. मग त्याला त्वचेचा तीव्र जंतुसंसर्ग झाला, ताप चढला आणि गाठ विरघळली. कोलींनी त्या माणसाला शोधून काढलं, तो ठणठणीत होता. १८९१ मध्ये त्यांनी दुसऱ्या एका रुग्णाच्या गाठीत मुद्दाम तसेच जंतू टोचले. पुढे ते मेलेले जंतू वापरू लागले. काही रुग्णांना खरोखर गुण आला, पण कुणाला येईल आणि का, हे सांगता येत नव्हतं. रेडिएशन आणि नंतर केमोथेरपी आल्यावर ही पद्धत मागे पडली. त्यांची मुलगी हेलन कोली नॉट्स यांनी वडिलांची कागदपत्रं जपली, अभ्यासली आणि १९५३ मध्ये या संशोधनासाठी न्यूयॉर्कमध्ये कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट उभी केली.

आणि एक जुना उपचार तर आजही रोज दिला जातो. क्षयाची बीसीजी लस मूत्राशयाच्या कॅन्सरवर चालते, हे १९७६ मध्ये प्रसिद्ध झालं. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरापुरताच कॅन्सर असेल तर दुर्बिणीतून गाठ खरवडून काढतात आणि मग नळीवाटे बीसीजीचं द्रावण मूत्राशयात सोडतात. रुग्ण ते साधारण दोन तास आत धरून ठेवतो. द्रावण सगळीकडे लागावं म्हणून मधूनमधून कूस बदलायला सांगतात. आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे. जिवंत पण क्षीण केलेले हे जंतू अस्तराला चिकटतात, प्रतिकारपेशी तिथे धावून येतात आणि जंतूंबरोबर कॅन्सरच्या पेशींचाही समाचार घेतात. नंतर दोन दिवस जळजळ, वारंवार लघवीला होणं, थोडी कणकण हे बहुतेकांना होतं. ताप जास्त चढला किंवा टिकून राहिला तर मात्र कळवायचं.

केमोथेरपीपेक्षा ही वेगळी कशी?

केमोचा परिणाम औषध शरीरात असेपर्यंत. इम्युनोथेरपी चालली तर तयार झालेल्या टी पेशींपैकी काही ‘स्मृतिपेशी’ म्हणून राहतात आणि औषध थांबल्यावरही पहारा देतात. केस गळणं, सतत ओकाऱ्या हे केमोचे ओळखीचे त्रास इथे सहसा नसतात. घरातले लोक त्यामुळे निर्धास्त होतात; ते का होऊ नये, ते पुढे आहे. अनेक कॅन्सरमध्ये दोन्ही एकत्रही देतात.

औषध कसं देतात? दवाखान्यात राहावं लागतं का?

ब्रेक सोडवणारी औषधं बहुधा शिरेतून, अर्ध्या ते एका तासात देतात. औषधानुसार दर दोन, तीन, चार किंवा सहा आठवड्यांनी. त्याच दिवशी घरी जाता येतं. दर वेळी आधी रक्ततपासणी होते. त्यात यकृत, मूत्रपिंड, साखर आणि थायरॉइड बघतात.

‘कार-टी’बद्दल फार ऐकतो. ते काय आहे?

वर सांगितलेली औषधं शरीरात असलेल्या टी पेशींना मोकळं करतात. कार-टीमध्ये टी पेशीच नव्यानं घडवली जाते.

रुग्णाच्या शिरेतून रक्त यंत्रात फिरवून त्यातल्या टी पेशी वेगळ्या काढतात. याला काही तास लागतात आणि उरलेलं रक्त परत शरीरात जातं. प्रयोगशाळेत, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीनं त्या पेशींत एक कृत्रिम जनुक घालतात. त्यामुळे त्यांच्या पृष्ठभागावर एक नवा ‘हात’ उगवतो. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये हा हात सीडी१९ नावाची खूण पकडतो. मग त्या पेशी कोट्यवधींनी वाढवतात, गोठवतात आणि परत पाठवतात. या सगळ्यात काही आठवडे जातात. तोवर रुग्णाला सांभाळणं ही डॉक्टरांची खरी कसोटी असते. पेशी देण्याआधी काही दिवस हलकी केमो देतात, म्हणजे नव्या पेशींना जागा होते.

प्रत्यक्ष दिवस मात्र बघणाऱ्याला फारच साधा वाटतो. एक छोटी गोठलेली पिशवी कोमट पाण्यात वितळवतात, शिरेला जोडतात आणि काही मिनिटांत ती रिकामी होते. पेशी गोठवताना वापरलेल्या द्रव्याचा लसणासारखा वास खोलीत दरवळतो आणि तो दिवसभर रुग्णाच्या श्वासालाही येतो. घरच्यांनी त्याला घाबरू नये.

खरी लढाई पुढच्या दिवसांत. टी पेशी शत्रूला भिडल्या की सायटोकाइन नावाची रसायनं मोठ्या प्रमाणात रक्तात येतात. ताप फणफणतो, रक्तदाब उतरतो, कधीकधी अतिदक्षता विभागात न्यावं लागतं. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला, दोनदा उलटलेल्या ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरसाठी, हा उपचार दिला गेला. हा उपचार मिळालेली ती पहिली लहान मुलगी. ती व्हेंटिलेटरवर गेली, वाचेल असं वाटत नव्हतं. रक्तात इंटरल्यूकिन-६ हे एक सायटोकाइन प्रचंड वाढलेलं दिसलं. ते अडवणारं टोसिलिझुमॅब हे औषध सांधेदुखीच्या आजारासाठी वापरात होतं आणि उपचार करणाऱ्या चमूचे प्रमुख संशोधक कार्ल जून यांना ते माहीत होतं, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला लहानपणीचा संधिवात होता. ते औषध दिलं आणि काही तासांत एमिली सावरू लागली. आज हेच औषध कार-टी देणाऱ्या ठिकाणी हाताशी ठेवतात. पहिल्या कार-टी उपचाराला अमेरिकेत मान्यता मिळाली २०१७ मध्ये.

मेंदूवरही काही दिवस परिणाम होऊ शकतो: शब्द न सुचणं, गोंधळणं, क्वचित झटके. ते ओळखण्याची एक साधी रीत आहे. परिचारिका रुग्णाला रोज एक वाक्य कागदावर लिहायला लावतात. बोलणं-चालणं ठीक वाटत असतानाही अक्षर वाकडं व्हायला लागतं, ओळ घसरते, शब्द सुटतो. कालचं आणि आजचं वाक्य शेजारी धरलं की फरक डोळ्यांना दिसतो आणि उपचार वेळेत सुरू होतात. महागड्या यंत्रांच्या गराड्यात हा वहीचा कागद इतकं मोठं काम करतो, याचं मला फार अप्रूप आहे.

कार-टीचं यश आजवर प्रामुख्यानं ल्युकेमिया, लिम्फोमा आणि मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरमध्ये आहे. घट्ट गाठींमध्ये ते अवघड जातं, कारण त्या पेशींवर असलेल्या खुणा निरोगी अवयवांवरही असतात आणि गाठीच्या आतलं वातावरण टी पेशींना थकवतं.

आणखी कोणते प्रकार आहेत?

दोन हातांची प्रतिपिंडं: एका हातानं टी पेशी धरायची, दुसऱ्यानं कॅन्सरची पेशी, आणि दोघींना समोरासमोर आणायचं. ब्लिनाटुमोमॅब हे त्यातलं २०१४ मध्ये मान्य झालेलं औषध. रिटुक्सिमॅब (१९९७) आणि ट्रास्टुझुमॅब (१९९८) ही त्याआधीची एकेरी प्रतिपिंडं कॅन्सरच्या पेशीवर खूण करून ती प्रतिकारपेशींच्या नजरेस आणतात. गाठीतच शिरलेल्या टी पेशी शस्त्रक्रियेनं काढून, बाहेर वाढवून परत देण्याच्या पद्धतीला मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

कॅन्सरची लस निघाली आहे का?

दोन वेगळ्या गोष्टी इथे एकत्र होतात. हिपॅटायटिस बी आणि एचपीव्हीच्या लशी विषाणूला अडवतात आणि त्यामुळे यकृताचा व गर्भाशयमुखाचा कॅन्सर टळतो. त्या निरोगी माणसासाठी आहेत. झालेल्या कॅन्सरवर उपचार म्हणून द्यायच्या लशी वेगळ्या. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी अशी एक, रुग्णाच्याच पेशींपासून बनवलेली, २०१० मध्ये मान्य झाली. सध्या ज्यांची चर्चा आहे त्या एमआरएनए लशींत रुग्णाच्या गाठीची जनुकं वाचून, फक्त त्याच्याच गाठीत सापडणारे वेगळे तुकडे निवडून, त्याच्यापुरती लस तयार करतात. त्यांच्या चाचण्या चालू आहेत. कुणी ‘कॅन्सरची लस मिळते’ म्हणून पैसे मागत असेल तर सावध राहा.

इम्युनोथेरपी फक्त कॅन्सरसाठीच असते का?

नाही. ॲलर्जीवरची इम्युनोथेरपी तर शंभर वर्षांहून जुनी आहे. लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागकणांचा अर्क अगदी थोड्या मात्रेत टोचून, ती मात्रा हळूहळू वाढवत नेण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. पद्धत आजही तीच: आधी वाढत्या मात्रेची इंजेक्शनं, मग महिन्याला एक, अशी तीन ते पाच वर्षं. काही ॲलर्जींसाठी जिभेखाली ठेवायच्या गोळ्याही आहेत. इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात बसवून ठेवतात; घाई असली तरी उठून जाऊ नका, तीव्र ॲलर्जीचा झटका आलाच तर तो बहुधा त्या अर्ध्या तासातच येतो.

इथे उद्देश कॅन्सरच्या नेमका उलट आहे. यंत्रणेला शिकवायचं असतं ते ‘हे सोडून दे’. हा संयम सांभाळणाऱ्या खास टी पेशी असतात, त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. त्यांच्या शोधासाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रुंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५चं नोबेल मिळालं.

स्वतःच्याच शरीरावर उलटलेल्या यंत्रणेसाठीही औषधं आहेत. टेप्लिझुमॅब टाइप-१ मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांमध्ये आजाराची सुरुवात सरासरी दोन वर्षं पुढे ढकलतं; त्याला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. दोन वर्षं ऐकायला कमी वाटतात, पण आठ वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांना विचारा. आणि जर्मनीत एर्लांगेन इथे ल्युपस या अशाच एका आजाराच्या रुग्णांना कार-टी पेशी देऊन, आजाराला खतपाणी घालणाऱ्या बी पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या प्रतिकारपेशी) पुसून टाकण्यात आल्या; २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या पाचही रुग्णांची औषधं सुटली. संख्या लहान आहे, पण मी या कामाकडे फार आशेनं बघतो.

माझ्यावर ही चालेल का, हे आधी कळतं का?

काही अंशी. बायोप्सीच्या तुकड्यावर तीन गोष्टी तपासतात: पीडी-एल१ किती आहे, जनुकांतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली आहे का, आणि एकूण बिघाड किती आहेत. बिघाड जितके जास्त तितके परके तुकडे जास्त, म्हणून टी पेशींना पकडायला जागा जास्त. ऊन लागून झालेला मेलानोमा आणि धूम्रपानानं झालेला फुफ्फुसाचा कॅन्सर या औषधांना दाद देतात, त्याचं एक कारण हेच. स्वादुपिंडाच्या आणि बहुतेक प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये मात्र एकट्या या औषधांचा उपयोग फार थोडा होतो.

दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली असणं याला रिपोर्टमध्ये ‘एमएसआय-हाय’ असं लिहिलेलं असतं. हा शब्द रिपोर्टमध्ये शोधाच. २०१७ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅबला अमेरिकेत, कॅन्सर कोणत्या अवयवाचा आहे हे न बघता केवळ या खुणेवर मान्यता मिळाली. असं पहिल्यांदाच घडत होतं. २०२२ मध्ये गुदाशयाच्या अशाच कॅन्सरच्या १२ रुग्णांना डोस्टार्लिमॅब सहा महिने दिलं गेलं आणि बाराही जणांची गाठ नाहीशी झाली. ना शस्त्रक्रिया, ना रेडिएशन. पण गुदाशयाच्या कॅन्सरपैकी ५ ते १० टक्केच या प्रकारचे असतात. ही बातमी वाचून आपल्यालाही तेच औषध हवं असं वाटणं साहजिक आहे; म्हणूनच आधी ती तपासणी.

फरक किती दिवसांत दिसतो?

साधारण दोन-तीन महिन्यांत, पहिल्या स्कॅनला. थोड्या रुग्णांत गाठ आधी मोठी दिसते, कारण तिच्यात टी पेशी घुसून सूज येते, आणि नंतर ती आक्रसते. तुम्हाला बरं वाटत असेल तर डॉक्टर काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून ठरवतात. पण बहुतेक वेळा वाढलेली गाठ म्हणजे वाढलेला आजारच असतो, हेही खरं.

दुष्परिणाम कोणते? घाबरण्यासारखे असतात का?

ब्रेक सुटला की तो फक्त गाठीपुरता सुटत नाही. मोकळी झालेली टी पेशी त्वचा, आतडं, यकृत, फुफ्फुस, थायरॉइड, मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी, सांधे यांपैकी कशावरही चालून जाऊ शकते. जिथून फायदा येतो तिथूनच त्रासही येतो. पुरळ, खाज, थकवा हे नेहमीचे आणि बहुधा सोपे. पुढचे मात्र अंगावर काढायचे नाहीत.

दिवसातून नेहमीपेक्षा चार वेळा जास्त पातळ शौचाला होत असेल, किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर ते बाहेरचं खाल्ल्यामुळे झालं असेल असं गृहीत धरू नका. आतड्याला सूज आलेली असू शकते. नवीन कोरडा खोकला, जिना चढताना लागणारी धाप ही फुफ्फुसाची सूज असू शकते. सतत डोकेदुखी आणि गळून जाणं पिट्युटरीमुळे, एकाएकी खूप तहान आणि वारंवार लघवी मधुमेहामुळे. छातीत दुखणं, धडधड, पापण्या जड होणं यासाठी तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. हृदयाच्या स्नायूचा दाह क्वचित होतो, पण जीवघेणा असतो.

हे त्रास सहसा पहिल्या तीन महिन्यांत दिसतात, पण औषध बंद झाल्यावर कित्येक महिन्यांनीही होऊ शकतात. सीटीएलए-४ आणि पीडी-१ची औषधं एकत्र दिली तर गंभीर त्रासांचं प्रमाण बरंच वाढतं.

माझ्या अनुभवात सर्वात जास्त नुकसान होतं ते रुग्णाच्या भिडेमुळे. ‘सांगितलं तर औषध बंद करतील’ या भीतीनं लोक आठ-आठ दिवस जुलाब लपवतात. पहिल्या दिवशी कळलं तर बऱ्याचदा एक डोस पुढे ढकलून भागतं. आठव्या दिवशी कळलं तर भरती व्हावं लागतं.

त्रास झाल्यावर स्टिरॉइड देतात. त्यानं इम्युनोथेरपीवर पाणी पडत नाही का?

दुष्परिणामासाठी दिलेल्या स्टिरॉइडमुळे झालेला फायदा सहसा पुसला जात नाही. काहींना औषध कायमचं थांबवावं लागतं आणि तरीही गाठी वर्षानुवर्षं शांत राहतात. स्टिरॉइडचा डोस मात्र चार ते सहा आठवडे हळूहळू उतरवायचा असतो. बरं वाटलं म्हणून मधेच सोडलं की सूज उसळून परत येते. थायरॉइडसारख्या ग्रंथीचं नुकसान बहुधा भरून येत नाही, तिथे रोजची गोळी लागते. टाइप-१ मधुमेह झाला तर इन्सुलिन कायमचं.

आधीपासून संधिवात, सोरायसिस असेल तर? प्रत्यारोपण झालेलं असेल तर?

संधिवात, सोरायसिस किंवा थायरॉइडचा त्रास असला तरी अनेकांना ही औषधं देता येतात; जुना आजार उफाळू शकतो, म्हणून जास्त लक्ष ठेवतात. मूत्रपिंड किंवा यकृत बसवलेलं असेल तर धोका मोठा आहे: ज्या टी पेशींना इतकी वर्षं आवरून धरलं, त्याच मोकळ्या होऊन बसवलेला अवयव नाकारू शकतात. गरोदरपणात ब्रेकची औषधं टाळतात. आईची प्रतिकारयंत्रणा गर्भाला परका मानत नाही, त्यात वारेवरच्या पीडी-एल१चा मोठा वाटा असतो. शेवटच्या डोसनंतरही काही महिने गर्भधारणा टाळायला सांगतात.

प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोळ्या, पावडरी सोबत घेतल्या तर फायदा होईल का?

नाही. इथे अडचण शक्ती कमी असल्याची नसून ती अडवली गेल्याची आहे आणि तो अडसर कोणतीही पावडर काढत नाही. काही पावडरींनी यकृताला इजा होते, मग रिपोर्ट बिघडला की दोष औषधाचा की पावडरीचा हे कळेनासं होतं आणि डोस लांबतो. प्रतिजैविकंही स्वतःच्या मनानं घेऊ नका. आतड्यातल्या जिवाणूंचा या औषधांच्या परिणामाशी संबंध असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. फ्लूची लस घेता येते. जिवंत जंतूंची कोणतीही लस घेण्याआधी विचारा.

यानं कॅन्सर कायमचा बरा होतो का?

काहींचा, हो. २०११ पूर्वी शरीरभर पसरलेल्या मेलानोमाचे निम्मे रुग्ण साधारण वर्षभरात दगावत. इपिलिमुमॅब आणि निव्होलुमॅब एकत्र दिलेल्या रुग्णांचा दहा वर्षांचा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ४३ टक्के हयात होते. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या यकृतात आणि मेंदूत मेलानोमा पसरल्याचं २०१५ मध्ये, नव्वदीत असताना निघालं. शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि पेम्ब्रोलिझुमॅब मिळून त्यांचा कॅन्सर दिसेनासा झाला आणि ते शंभरी पूर्ण करून २०२४ मध्ये गेले.

त्याच वेळी हेही सांगायला हवं, की अनेक कॅन्सरमध्ये निम्म्याहून जास्त रुग्णांना एकट्या या औषधांचा उपयोग होत नाही, आणि काहींना आधी उपयोग होऊन नंतर कॅन्सर उलटतो. म्हणून डॉक्टरांना विचारताना ‘बरं होईल का’ असं मोघम विचारू नका. ‘माझ्या प्रकारच्या, माझ्या टप्प्यावरच्या, माझ्यासारखा रिपोर्ट असलेल्या शंभर जणांत किती जणांना फायदा होतो, आणि तो किती टिकतो?’ असं विचारा. नाही चाललं तर पुढे काय, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या.

उपचार संपले. आता काय लक्षात ठेवायचं?

एक छोटं कार्ड खिशात किंवा पाकिटात ठेवा: औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांचा फोन. मध्यरात्री धाप लागून तुम्ही दुसऱ्याच दवाखान्यात पोचलात, तर समोरचे डॉक्टर न्यूमोनिया समजून उपचार सुरू करतील. ‘मला केमो चालू होती’ असं सांगितलंत तर आणखी चुकीच्या दिशेनं जातील, कारण केमोनंतर ते जंतुसंसर्ग शोधतात आणि इथे कदाचित स्टिरॉइड लागणार असतं. ‘इम्युनोथेरपी’ हा शब्द तुमच्या आणि सोबत येणाऱ्या माणसाच्या तोंडी पक्का बसू द्या. डोस संपून वर्ष झालं असलं तरी तो सांगा.